चार बोटं वर चालणारी गाडी

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठं काम केलेल्या माणसाला पुढे कोणीतरी विचारतंच, की बाई, हे तुम्हाला कसं जमलं. तेव्हा तारखांचा गोंधळ नको. बाकी ही वही कोणासाठीही नाही. आत्यासाठी तर नाहीच. उशीखालचं ती सगळं वाचते, म्हणून ही कपाटात, स्वेटरच्या आत.

काम असं. सरकारने चुंबकीय रेल्वेसाठी नियोजन अनुदान जाहीर केलं आहे. ही गाडी रुळाला टेकत नाही. चुंबकांच्या जोरावर तरंगते आणि ताशी चारशे किलोमीटरने जाते. अनुदान गाडी बांधायला नाही, गाडीचा विचार करायला आहे. मार्ग कुठून, थांबे कुठे, माणसं बसतील का, असा तीन वर्षं अभ्यास करायचा. आमच्या विकास मंडळाने अर्ज करायचं ठरवलं आणि साहेबांनी तो माझ्याकडे दिला.

मी इथे कंत्राटी साहाय्यक. मुदत जूनअखेर. अनुदान आलं तर त्याच्याबरोबर ‘प्रकल्प नियोजक’ असं एक पद येतं. साहेब म्हणाले, ती खुर्ची तुमचीच. आणि नाही आलं तर, एवढं म्हणाले आणि त्यांना फोन आला. फोन ठेवल्यावर त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मीही आठवण केली नाही.

शेवटची तारीख ३१ मार्च. मी २० फेब्रुवारीला संपवणार. पुढचे दिवस फक्त शांतपणे वाचून बघायला.

५ फेब्रुवारी

अर्जाचा नमुना छापून घेतला. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे दोन ओळींची जागा. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत: आवश्यक वाटल्यास परिशिष्ट जोडावे. वाचून भरून आलं. म्हणजे कोणीतरी वाचणार आहे.

दहा वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले. आई-बाबा दोघं कामावर, शाळा लांब, आणि मला शाळेच्या घंटेची भीती वाटायची. मग आत्यानेच शिकवलं. तिचे नियम दोन. एक, प्रश्नाचा कोपरा जरी सुटला तरी उत्तर चूक. दोन, लिहिलेलं ज्याला त्यातलं काही कळत नाही अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. असं माणूस म्हणजे मीच, असं आत्या म्हणते, आणि मग असे प्रश्न विचारते की आपल्यालाच काही कळत नव्हतं हे कळतं.

आज तिला पहिलं पान वाचून दाखवलं. तिने विचारलं, रुळाला टेकत नाही म्हणजे किती वर? मी म्हटलं, साधारण चार बोटं. ती म्हणाली, खरं बोलणाऱ्याचा रथ तेवढाच वर चालायचा म्हणतात. एकदा जरासं फिरवून बोलला आणि आला खाली.

हा मी शुभशकुन मानते. अर्जात एक अक्षर खोटं जाणार नाही.

११ फेब्रुवारी

प्रश्न १ पूर्ण. (अर्जदार संस्थेचे नाव.)

वेळ लागला याला कारण आहे. मंडळाचं नाव दारावरच्या पाटीवर एक आहे, पत्राच्या कागदावर दुसरं आणि शिक्क्यावर तिसरं. साहेबांना विचारलं, खरं कुठलं. म्हणाले, तिन्ही. तीन नावं दोन ओळींत बसेनात म्हणून परिशिष्ट १ जोडलं.

आमच्याकडचा ड्राफ्ट्समन दिवसभर हसत होता. त्याच्या खिशात कायम स्टीलची पट्टी असते म्हणून त्याला सगळे पट्टीच म्हणतात. मला तो ताई म्हणतो, पण त्यात आदर किती आणि टिंगल किती हे अजून मोजता आलेलं नाही. म्हणाला, "ताई, या वेगाने चाळिसावा प्रश्न तुमची नात सोडवेल."

त्याला नियोजनातलं काही कळत नाही. पहिला प्रश्न नेहमीच अवघड असतो.

१८ फेब्रुवारी, दुपारी

प्रश्न ९. मार्गावरच्या सर्व गावांची संमतिपत्रं. मार्ग साधारण सत्तर किलोमीटर, दोन टोकांना दोन शहरं, मध्ये पाच गावं. गावप्रमुखांना फोन करायचे.

माणसांशी बोलणं ही माझी जमेची बाजू. तरीही आधी सगळं लिहून काढलं, म्हणजे ओघ राहतो. पहिल्या गावप्रमुखांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला, याची मी तयारी केलेली नव्हती. एका दमात सगळं वाचलं. ‘इथे थांबून श्वास घ्यावा’ हेही वाचलं. पलीकडून ते म्हणाले, घ्या, घ्या, काही घाई नाही.

प्रेमळ माणूस. पत्र देतो म्हणाले. बाकीच्या चौघांना ईमेल केली.

२० फेब्रुवारी

आज अर्ज संपवायचा होता. तारीख मीच ठरवली होती, त्यामुळे ती बदलण्याचा अधिकारही माझाच. ५ मार्च.

रात्री बाबांचा फोन. ते आणि आई आता दादाकडे असतात. दादाचं रंगांचं दुकान आहे. बाबा म्हणाले, दादा म्हणत होता की जुलैपासून गल्ल्यावर बसायला घरचं माणूस असलं तर बरं. मी म्हटलं, जुलैत मी प्रकल्प नियोजक असेन. बाबा म्हणाले, हो हो, तो आपला सहज म्हणत होता. मग हळूच, एसी बसवलाय म्हणे दुकानात.

२७ फेब्रुवारी

पाचही पत्रं आली. पाचही गावांची संमती. मी उगाच घाबरत होते, म्हणजे घाबरत नव्हतेच.

चार गावांनी लिहिलंय की गाडीला मनापासून पाठिंबा, मात्र ती आमच्याकडे थांबली पाहिजे. पाचवं गाव समंजस. त्यांना थांबा नको. त्यांनी लिहिलंय की गावाजवळून जाताना गाडी थोडी हळू न्यावी, म्हणजे पोरांना नीट बघता येईल.

सगळ्यांच्या अटी नकाशावर मांडल्या. एकही गाळली नाही. संमती ठेवायची आणि अट गाळायची, हे मला जमण्यासारखं नाही.

३ मार्च

एक अडचण.

प्रश्न १७: प्रस्तावित गाडी ताशी चारशे किलोमीटरचा वेग गाठेल काय?

इतक्या वेगाची गाडी एकदम पळत नाही. वेग घ्यायला सहा किलोमीटर लागतात आणि थांबायला सहा. आमचे थांबे आणि पाचव्या गावाजवळचं हळू जाणं धरलं तर टप्पे अकरा-अकरा किलोमीटरचे. म्हणजे गाडी जेमतेम अंगात आणते न आणते तोच तिला ब्रेक लावावा लागतो. तीनदा हिशेब केला. सबंध मार्गात एकच टप्पा असा आहे जिथे ती चारशेला पोचते. अकरा सेकंद टिकते.

पट्टीला दाखवलं. तो म्हणाला, "शिंक आली तर गेलंच की हो."

घरी आत्याला सांगितलं. तिने नळाखाली कळशी लावली आणि अकरा आकडे मोजले. कळशीचा तळ ओला झाला.

सुरुवातीला पेनाचं टोपण लावून टाकलं. मग प्रश्न परत वाचला. ‘गाठेल काय’ असं विचारलंय. किती वेळ, ते विचारलेलं नाही. जीव भांड्यात पडला, टोपण काढलं. मग लक्षात आलं की जे विचारलेलं नाही पण विचारायला हवं होतं, ते न सांगणं म्हणजे फिरवून बोलणंच. टोपण परत लावलं.

६ मार्च

साहेबांशी चर्चा. मी हिशेब मांडला, तक्ता दाखवला. साहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, बाई, तिथे ‘हो’ लिहा आणि पुढे व्हा. मी म्हटलं, पण साहेब, अकरा सेकंद. ते म्हणाले, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, अहो, मला ऐकू आलं नाही, असं म्हणतोय मी.

कानाचं काहीतरी असावं.

‘हो’ लिहिलं. वर एक छोटी चांदणी काढली. चांदणीचा खुलासा परिशिष्ट ६ मध्ये.

१० मार्च

स्वतः गावोगाव जायचं ठरवलं. समोरासमोर बसून सांगितलं की माणसं ऐकतात. दोन-तीन गावांनी जरी अट मागे घेतली तरी गाडीला पाय पसरायला जागा मिळेल. ठाम राहायचं. हसून बोलायचं, पण ठाम.

१२ मार्च

जाऊन आले.

पहिल्या तीन गावांत अटी कायम. चौथ्या गावात नवीच गोष्ट कळली. गावात पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे एकमेकांशी बोलत नाहीत. पत्र पूर्वेकडच्यांनी दिलं होतं. पश्चिमेकडच्यांना स्वतंत्र थांबा हवा. मी स्पष्ट नकार दिला. तो नकार त्यांनी कसा ऐकला माहीत नाही, पण बैठकीच्या नोंदीत ‘मॅडमनी तत्त्वतः मान्य केले’ असं आहे आणि खाली सही माझी आहे.

पाचव्या, समंजस गावाचे प्रमुख म्हणाले, ताई, आम्ही विचार केला. नाहीतरी गाडी आमच्यासाठी हळू करणारच आहात. इतकी हळू केली तर थांबायला काय हरकत?

मी थांबा लिहून घेतला.

म्हणजे चार थांबे होते ते सहा झाले. अकरा सेकंदही गेले.

१३ मार्च

तोडगा सापडला. पहाटे अंथरुणातच सुचला. मोठी माणसंही असंच सांगतात.

सगळ्या गाड्या सगळीकडे कशाला थांबवायच्या? एक गाडी एका गावी थांबेल, पुढचं गाव सोडेल. तिच्या मागची गाडी नेमकं उलट करेल. प्रत्येक गावाला थांबा मिळतो आणि प्रत्येक गाडीला पळायला जागा. हिशेब केला. चारशेचा वेग आता एक मिनिटभर टिकतो. एक अख्खं मिनिट. कळशी भरून वाहील.

फक्त, असं लिहायचं तर वेळापत्रक जोडायला हवं. नाहीतर नुसतं बोलणं. आणि वेळापत्रकाला आधी प्रवासी किती ते माहीत हवं.

१४ ते १९ मार्च

वेळ नाही म्हणून एकत्र लिहिते.

प्रवासी मोजले. बसस्थानकावर पॅड घेऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी लोक मला बघून रस्ता ओलांडायचे, त्यांना वाटलं मी विमा विकते. दुसऱ्या दिवशी आत्या बरोबर आली आणि बाकावर बसून राहिली. तिला बघून लोक थांबायला लागले. मी विचारायचे, आपण चुंबकीय रेल्वेने प्रवास कराल का. ते आत्याकडे बघायचे. आत्या म्हणायची, "हो म्हणा हो, पोरीची नोकरी आहे." ती सगळी उत्तरं मला बाद करावी लागली. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

प्रवाशांचा आकडा आला की स्थानकं किती मोठी ते ठरतं. ते ठरवलं. स्थानक ठरलं की तिथवर येणारा रस्ता लागतो. रस्त्यावर दोन पूल निघाले. पुलांसाठी माती कशी आहे ते बघायला जुने विहिरींचे नकाशे काढले. एकात एक गुंतत गेलं. पण आता थांबणं म्हणजे प्रश्नाचा कोपरा सोडणं.

२२ मार्च

परिशिष्ट २३ पर्यंत आले.

नकाशे काढून पट्टीच्या मानेत लचक भरली आहे. आज तो कॉलर लावून आला. मी त्याला तिसऱ्या स्थानकाच्या प्रतीक्षालयातले बाक कुठे ठेवायचे ते विचारत होते. खिडकीजवळ ठेवले तर उजेड चांगला, पण दुपारी ऊन येतं. तो म्हणाला, ताई, बाकाला रंग कुठला देऊ तेही सांगून टाका. मी म्हटलं, रंगाचं मी बघते, माझ्या भावाचं दुकान आहे.

त्याने कपाळावर हात मारला. मानेला दुखलं असणार.

३० मार्च

अर्ज पूर्ण. मुदतीच्या आधी एक दिवस. मी म्हणतच होते.

अर्ज बारा पानांचा. परिशिष्टं दोन खोक्यांत. साहेबांनी वाचलं नाही. एक खोकं उचलून बघितलं, परत खाली ठेवलं आणि सही केली. म्हणाले, "दबदबा आहे."

कुरिअरवाल्यावर माझा विश्वास नाही, म्हणून स्वतः राजधानीला घेऊन गेले. खात्याच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी दोन्ही खोकी बघितली आणि विचारलं, यात अर्ज कुठला? मी पहिल्या खोक्यातून बारा पानं काढून दिली. त्यांनी त्यावर शिक्का मारला. मग खोक्यांवर मारायला गेल्या, तर पुठ्ठ्यावर शाई धरेना. मी म्हटलं, मी थांबते, वाळेपर्यंत. त्या म्हणाल्या, कशाला.

परतीच्या गाडीत फार हलकं वाटलं. शाई न वाळलेल्या शिक्क्याची थोडी काळजी.

१८ एप्रिल

मी निकालाचा विचार करत नाही.

खात्यात फोन केला, फक्त शिक्का वाळला का ते विचारायला. कोणाला काही सांगता आलं नाही.

२ मे

परत फोन. या वेळी नाव सांगितलं नाही. पलीकडून बाई म्हणाल्या, खोकीवाल्या मॅडम का?

म्हणजे तिथे माझी ओळख झाली आहे. चांगलं लक्षण.

२० मे

आज समितीसमोर सादरीकरण. संगणकावर, समोर पडद्यात पाच चेहरे. मी आणि साहेब एका टेबलाशी. आत्याने सकाळी सांगितलं होतं, विचारतील तेवढंच बोल, आणि बोलताना हात हलवू नकोस, लहानपणी तू अशानेच दुधाचं पातेलं पाडलं होतंस. हात मांडीखाली ठेवले.

त्यांनी विचारलं, चारशेचा वेग किती वेळ टिकेल? मी म्हटलं, एक मिनिट. मग मनाला टोचलं, म्हणून म्हटलं, वळण धरलं तर बावन्न सेकंद. साहेब खोकले. मी म्हटलं, समोरून जोराचा वारा असेल तर याहून कमी, त्याचा तक्ता परिशिष्ट १९ मध्ये आहे. साहेबांना पाणी दिलं.

समितीच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्या सगळ्यांत शांत. त्यांनी परिशिष्टं खरंच चाळली होती. बाकांविषयीसुद्धा त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही एकटीने केलंत?"

मी म्हटलं, नकाशे आमच्या ड्राफ्ट्समनचे, बाकी मी.

"वेळापत्रक, पूल, प्रवासी, सगळं?"

"हो."

"मग आता ठरवायचं काय राहिलंय?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी ताठ बसले आणि म्हटलं, "काही नाही, मॅडम. सगळं ठरलंय."

पाचही जणांनी एकाच वेळी काहीतरी लिहून घेतलं. साहेबांनी डोळ्यांवर हात धरला. खिडकीतून ऊन येत असावं.

घरी येताना पट्टीसाठी मानेचं मलम घेतलं. आत्याला म्हटलं, झालं बघ काम.

८ जून

निकाल.

नामंजूर.

कारण लिहिलंय: अर्जदार संस्थेचे नियोजन पूर्ण झालेले दिसून येत असल्याने नियोजन अनुदानाची आवश्यकता सिद्ध होत नाही.

खाली सूचना: संस्थेने बांधकाम अनुदानासाठी अर्ज करावा. बांधकाम अनुदानाची पहिली अट: नियोजन अनुदान घेऊन अभ्यास पूर्ण केल्याचा दाखला.

अनुदान शेजारच्या जिल्ह्याच्या मंडळाला मिळालं. त्यांचा अर्ज संकेतस्थळावर ठेवलाय. सगळा मिळून सात पानांचा. थांब्यांच्या रकान्यात लिहिलंय, ‘अभ्यासाअंती ठरवू’. मार्गाच्या रकान्यात, ‘अभ्यासाअंती ठरवू’. गावांच्या संमतीपुढे, ‘अभ्यासादरम्यान मिळवू’. वाचून आधी संताप आला. इतका आळस. मग हळूहळू कळलं की पैसे त्याच्यासाठीच होते.

साहेबांनी बोलावलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली. काम अपुरं आहे म्हणून नाकारलेले अर्ज पोत्यांनी बघितले. पुरं आहे म्हणून नाकारलेला हा पहिलाच. मग म्हणाले, मुदत वाढवायला माझ्याकडे आता काही निमित्त राहिलं नाही हो.

या वेळी त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

जिन्यात जाऊन बसले. पट्टी चहा घेऊन आला, एक कप मला दिला आणि पायरीवर बसला. मान वळवता येत नाही म्हणून तो समोरच बघत होता, ते सोयीचं झालं.

घरी आत्याने पत्र वाचायला मागितलं. मोठ्याने वाचलं तिने, आमच्या नियमाप्रमाणे. वाचून चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "तुझं उत्तर बरोबर होतं गं. प्रश्नच तेवढा नव्हता."

हे तिने मला मी दहा वर्षांची व्हायच्या आत सांगायला हवं होतं. पण मी तिच्या हातातलं पत्र घेऊन घडी घातली. तिचेही डोळे भरले होते.

३० जून

टेबल रिकामं केलं. परिशिष्टांची कच्ची प्रत मी घरी आणली, साहेब म्हणाले न्या, इथे उंदीर खातील.

दादाचा फोन. दुकानात खुर्ची नवी आणली आहे, फिरती. मी म्हटलं, विचार करते. दादा चांगला आहे. प्रश्न त्याचा नाही. मला रात्रंदिवस रंगांच्या छटा मोजायला लागल्याचं स्वप्न पडतं, आणि पांढऱ्याच्याच एकशे चाळीस आहेत.

९ जुलै

वर्तमानपत्रात जाहिरात. शेजारच्या जिल्ह्याच्या मंडळाला प्रकल्प नियोजक हवा आहे. म्हणजे ज्यांनी अनुदान नेलं, त्यांनाच. पद तेच. तीन वर्षं.

आधी वाटलं, स्वाभिमान म्हणून काही असतं. मग वाटलं, स्वाभिमानाला एसी नाही आणि फिरती खुर्ची नाही, पण काम तर आपलंच आहे. ज्याला सात पानांत काही सुचलं नाही, त्याला माझी गरज कोणाहून जास्त.

मी बदलले आहे. आता शिकले. अर्ज एका पानात भरला. विचारलं तेवढंच. परिशिष्ट नाही. चांदणी नाही. आत्याला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, एवढाच? आणि पाठीवरून हात फिरवला.

१२ जुलै

मुलाखतीचं बोलावणं. १७ तारखेला. ठरवलंय: हो किंवा नाही. फार तर ‘बघू’. ‘अभ्यासाअंती’ हा शब्द आरशासमोर म्हणून बघितला. तोंडात बसतोय.

१७ जुलै, संध्याकाळी

मुलाखत फार उत्तम झाली. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढे विचारतील.

तिथलं ऑफिस आमच्यापेक्षा मोठं. तिघं जण होते. मधले साहेब गोरेगोमटे, हसरे. त्यांनी विचारलं, एक तारखेला रुजू होऊ शकाल का? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, तुमचा अर्ज एकाच पानाचा आहे, आम्ही तुमच्याविषयी वेगळंच ऐकलं होतं. मी म्हटलं, बघू. हे उत्तर नीट बसलं नाही, पण आखूड होतं.

झालंच होतं. मी पर्स उचलली होती. तेवढ्यात ते सहज म्हणाले, आमच्या गाडीबद्दल तुम्हाला काय वाटतं?

आता, विचारलं तर होतंच.

मी म्हटलं, गाडी छान आहे, पण मार्ग कसाही ठरवलात तरी वाटेत नदीचं वळण येतं आणि तिथे चारशेने गेली तर ती चार बोटं वर राहणार नाही, थेट पलीकडच्या काठावर जाईल. ते पुढे सरकले. म्हणाले, मग काय करायचं? मुलाखतीसाठी म्हणून नव्हे, पण पर्समध्ये माझा हिशेब होता. गेल्या आठवड्यात घरी बसून केला होता, नुसता हाताला चाळा म्हणून. टेबलावर पसरला. नदी कुठे ओलांडायची, थांबे किती, एकाआड एक गाड्या कशा सोडायच्या. वाटेवरच्या सात गावांची आपापसांतली भांडणंसुद्धा मी फोन करून विचारून ठेवली होती. तिघंही टेबलावर वाकले. एकाने मोबाइलने फोटो काढले. मी म्हटलं, फोटोत आकडे पुसट येतात, मूळच ठेवा. हसरे साहेब म्हणाले, खरंच ठेवू? मी म्हटलं, अहो, त्यात काय.

दारापर्यंत सोडायला तिघं आले. निकाल कळवतो म्हणाले. लिफ्टचं बटणही त्यांनीच दाबलं. इतक्या आदराने मला आजवर कुठल्याही ऑफिसातून कोणी बाहेर काढलं नव्हतं.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. तिने पर्स उघडून आत बघितलं. म्हणाली, "कागद?"

मी म्हटलं, तिथेच ठेवले, त्यांना फार आवडले.

"सगळे?"

"सगळेच. अर्धे कसे ठेवणार?"

आत्याने पर्सची चेन लावली, खुंटीला अडकवली आणि दादाला फोन लावायला आत गेली.

मी फोन मोकळा ठेवायला सांगितलं आहे. मंडळातून केव्हाही येईल.